गवतावरच्या गाईचं लोणी: साताऱ्यात कधी, कुठून आणि कसं घ्यावं

बेंदूर झाला की आमच्या घरी लोण्याचा स्टीलचा डबा माळ्यावरून खाली येतो आणि घासून ओट्यावर पालथा पडतो. लगेच लोणी आणायचं नसतं. आषाढाचा पाऊस अजून मेढ्यापलीकडचे डोंगर झोडपत असतो. पण मी फोन करायला लागते तेव्हापासूनच, कारण चरणाऱ्या गाईचं लोणी दुकानात जाऊन उचलून आणता येत नाही. महिनाभर आधी शब्द टाकून ठेवावा लागतो.

मी वर्षाचं तूप एकाच हंगामात कढवून ठेवते आणि त्यासाठी जावळी तालुक्यातल्या दोन घरांकडून लोणी घेते. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. गोळा हातात आल्यावर आपण रंग बघतो, वास घेतो, तळहातावर विरघळतो का ते पाहतो, पण त्यातून निम्मंच कळतं. गाय कुठे चरली, महिना कोणता होता, त्या गोठ्यात दूध किती निघतं, हे सगळं रवी फिरण्याआधीच ठरलेलं असतं. म्हणून खरेदीचा क्रम उलटा धरा: आधी महिना, मग गोठा, मग हिशेब आणि सगळ्यांत शेवटी गोळा.

महिना

गाईच्या लोण्याला पिवळेपणा येतो तो हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनमुळे. गाय त्यातलं बरंचसं तसंच दुधाच्या स्निग्धांशात सोडते. म्हैस त्याचं जीवनसत्त्व अ करून टाकते, म्हणून म्हशीचं लोणी हिरव्या चाऱ्यावरही पांढरंच राहतं. चारा वाळला की त्यातलं कॅरोटीन उन्हानं उडून जातं आणि गाईचं लोणीही फिकं पडत जातं. हिरव्या गवतावरच्या लोण्याची दुसरी खूण म्हणजे ते मऊ असतं. त्यात असंतृप्त स्निग्धाम्लं जास्त असतात, त्यामुळे फ्रीजमधून काढल्यावर चमचा लवकर रुततो. उन्हाळ्यात पेंड-कडब्यावरचं लोणी फ्रीजमध्ये दगडासारखं होतं, हा फरक हाताला सहज कळतो.

आता आपल्या जिल्ह्याचं पाहा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणला पाचशेच्या आसपास. दोन्हीकडचा गवताचा हंगाम एक असूच शकत नाही. जावळी, पाटण, वाईचा पश्चिम भाग आणि तिकडे सांगलीत शिराळ्याचा चांदोलीकडचा पट्टा, इथे गवत जूनमध्येच फुटतं. पण ज्येष्ठातल्या कोवळ्या गवतावर मी लोणी घेत नाही. त्या गवतात पाणी फार आणि चोथा कमी असतो. गाईला पातळ शेण होतं, दूध वाढतं पण फॅट उतरते. आषाढात तर संततधारेमुळे गुरं कितीतरी दिवस गोठ्याबाहेर निघत नाहीत.

श्रावणाचा उत्तरार्ध ते दिवाळी, हे पश्चिमेकडचे खरे दिवस. ऊन-पावसाचा खेळ सुरू झालेला असतो, गवत अंगात भरलेलं असतं आणि गुरं दिवसभर रानात असतात. कास पठारावर फुलं बघायला गर्दी होते ना, साधारण तेच दिवस. दिवाळीनंतर डोंगरउतारांवरचं गवत पिवळं पडतं, कापून त्याच्या गंज्या लागतात आणि हंगाम आटोपतो.

पूर्वेकडे, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, जत या भागात परतीच्या पावसावर सगळं अवलंबून असतं. भाद्रपदात तो बरा झाला तर माळावर गवत येतं आणि कार्तिकापर्यंत लोणी छान मिळतं. पाऊस रुसला तर त्या वर्षी तिकडचा विचार सोडा.

कृष्णाकाठ वेगळा. कराड, वाळवा, पलूस या उसाच्या पट्ट्यात कारखाने सुरू झाले की जनावरांपुढे उसाचं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, पडतं. वाडं हिरवं दिसतं, फुकटात किंवा स्वस्तात मिळतं, पण नुसत्या वाड्यावर जनावराची हेळसांड होते. त्यातलं ऑक्झॅलेट जनावराच्या अंगचं कॅल्शियम ओढून घेतं, आणि खनिज मिश्रण दिलं नाही तर गाय खंगते. मळ्यातली माणसं हे जाणतात. त्या भागातून घ्यायचं असेल तर दिवाळीच्या आतच घ्या, आणि गायरानात किंवा बांधावर खरोखर चारणारं घर असेल तरच.

गोठा शोधणं

साताऱ्याहून कासला किंवा महाबळेश्वरला जाताना रस्त्याकडेला लोणी विकायला ठेवलेलं दिसतं. तिथलं सगळंच वाईट, असं मी म्हणणार नाही. पण तिथे ते कोणत्या गोठ्यातून आलं हे विचारायची सोय नसते. एका चैत्रात महामार्गालगतच्या एका टपरीवरून मी हळदीसारखा पिवळाधमक गोळा आणला होता. आईनं नुसतं बघून विचारलं, "चैत्रात हिरवं गवत कुठलं गं?" मग तिनं बोटभर लोणी वाटीत घेतलं, पानाच्या डब्यातला चुना त्यात चोळला आणि लोणी तांबडं झालं. हळद आणि चुना एकत्र आले की कुंकवाचा रंग येतो, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. तिनं ते फक्त लोण्यावर लावून पाहिलं. ही परीक्षा तुम्हीही करा. मात्र ती हळदीपुरतीच चालते. दुसरा कुठला खाण्याचा रंग असेल तर तो चुन्याला दाद देत नाही. मी तेव्हापासून चुन्याहून जास्त भरवसा आईच्या प्रश्नावर ठेवते.

गोठा सापडतो तो माणसांतून. मेढा, पाटण, ढेबेवाडी, शिराळा इथल्या आठवडी बाजारात शेजारच्या वाड्या-वस्त्यांवरच्या बायका भाजीबरोबर, अंड्यांबरोबर लोणी घेऊन बसतात. एखादा डबा, जास्तीत जास्त दोन. जिच्याकडे थोडंच असेल तिच्याशी आधी बोला. गावाकडून साताऱ्यात कामाला येणारी माणसं, एसटीचे कंडक्टर, दूध संकलन केंद्रावर वजन करणारा पोऱ्या, या सगळ्यांना कुणाची गाय रानात जाते हे माहीत असतं. डोंगरमाथ्यावरची गवळी-धनगरांची घरं तर पिढ्यान् पिढ्या हेच करत आली. माथ्यावरून दूध खाली आणेपर्यंत नासायचं, म्हणून ते लोणी-तूप करून खाली आणायचे आणि धान्याशी बदलायचे. त्यांच्याकडे म्हशी जास्त, हे मात्र लक्षात ठेवा. म्हशीचं पांढरंशुभ्र लोणी कमअस्सल नाही, तूप उलट जास्त पडतं. फक्त गाईचं म्हणून म्हशीचं घेऊ नका.

एकदा तरी स्वतः गोठ्यात जाऊन या. सकाळी गेलात तर गाई रानात निघताना दिसतील. मी आधी गाईचे खूर आणि गोठ्याची जमीन बघते, मग गव्हाण. चरायला जाणाऱ्या गाईचे खूर झिजलेले असतात, कायम दावणीला असलेल्या गाईचे वाढलेले. गव्हाणीत नुसता भुसा नि पेंडीचा भरडा उरलेला असेल आणि बोलण्यात मात्र रानगवत असेल, तर तिथे गप्पा मारून चहा पिऊन परत यावं.

काय विचारायचं

चौकशी करायची ती गोडीनं. आपण पोलीस पाटील नाही. माझ्या दोन घरांपैकी एका घरच्या काकींना मी पहिल्या भेटीत जे विचारलं ते असं:

गाई किती, त्यांतल्या दुभत्या किती, आणि कधी व्यालेल्या? नुकत्याच व्यालेल्या गाईचे पहिले दिवस चिकाचे, ते दूध लोण्यात जाऊ नये.

गावठी आहेत, खिल्लार आहेत की जर्सी? यात कमी-जास्त ठरवायचं नाही, हिशेबासाठी विचारायचं. खिल्लार मुळात ओढकामाची जात, दूध कमी. जर्सीच्या संकराचं लोणीही चांगलं पिवळं येतं. त्यामुळे पिवळं म्हणजे देशी, हा समज सोडा. पिवळेपणा चाऱ्याचा दाखला आहे, जातीचा नाही. गोठ्यात बांधून मका नि लसूणघास कापून घातला तरीही तो येतो. आणि 'ए-टू'च्या (दुधातल्या एका प्रथिनाचा प्रकार, देशी गाईचा म्हणून सांगतात) नावाखाली दुप्पट दर कुणी सांगत असेल तर इतकं ध्यानात असू द्या की ऑगस्ट २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं पाकिटांवरचे ए-वन, ए-टू हे दावे काढायला सांगितले आणि काही दिवसांतच तो आदेश मागेही घेतला. शब्दावर पैसे मोजू नका, गोठ्यावर मोजा.

दूध तापवता का? हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. आपल्याकडे घरगुती रीत म्हणजे दूध तापवायचं, साय काढायची, विरजायची आणि घुसळायची. पण हल्ली मशीननं कच्च्या दुधाची क्रीम काढून तिचं लोणी करणारेही आहेत. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस, क्षय असे आजार येऊ शकतात. तसलं लोणी भाकरीवर घेऊन खायचं नाही, विशेषतः लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी तर नाहीच. ते फक्त कढवायचं.

गेल्या आठ-पंधरा दिवसांत गाईला इंजेक्शन झालंय का? २०२२ ला गुरांना लम्पी या त्वचारोगाची साथ आली तेव्हापासून मी हे न चुकता विचारते. प्रतिजैविक दिलं असेल तर डॉक्टर जितके दिवस सांगतील तितके दिवस दूध वापरायचं नसतं. काकींनी एका सप्टेंबरात स्वतःहून फोन करून सांगितलं होतं, "कपिलीला सुई दिलीया, ह्या आठवड्यात लोनी न्हाई मिळायचं." त्या एका फोननं माझी उरलेली चौकशी संपली.

हिशेब

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि फसतात ते इथेच.

समजा घरात दोन गावठी गाई दुभत्या आहेत. वासराचं सोडून दोन्हींचं मिळून दिवसाला चार लिटर दूध हातात येतं, फॅट साडेचार टक्के. म्हणजे दिवसाला १८० ग्रॅम स्निग्धांश. हातानं साय काढताना सगळा स्निग्धांश सायीत येत नाही, बराचसा दुधात राहतो. साधारण ६० टक्के धरला तर १०८ ग्रॅम. घरगुती लोण्यात तीन चतुर्थांशाच्या थोडं वर स्निग्धांश असतो, बाकी पाणी आणि ताकाचा अंश. पांढऱ्या किंवा देशी लोण्यात तो किमान ७६ टक्के असावा असा नियमही आहे. म्हणजे दिवसाला १४० ग्रॅम लोणी, आठवड्याला किलोभर. सगळ्याच दुधाचं दही लावून घुसळलं तर थोडं जास्त, सव्वा ते दीड किलो. त्यातून घरचा चहा आणि पोराबाळांचं दूध वजा करा.

आता कुणी म्हणालं, "आमच्या दोन गाई, तुम्हाला आठवड्याला पाच किलो देतो," तर काय समजायचं ते तुम्हीच ठरवा. लबाडी असेलच असं नाही. शेजारपाजारचं गोळा करून देत असतील. पण मग तुम्ही पाहिलेल्या गोठ्याचं ते लोणी नव्हे.

हाच हिशेब तुमच्या बाजूनं करा. एक किलो लोणी कढवलं की ७०० ते ७५० ग्रॅम तूप पडतं. वर्षाला पाच किलो तूप लागत असेल तर सात किलो लोणी हवं. हंगाम आठ-दहा आठवड्यांचा, आणि एका घराकडून आठवड्याला अर्धा-पाऊण किलोच तुमच्या वाट्याला येणार, कारण त्यांचीही इतर गिऱ्हाइकं असतात. म्हणून माझी दोन घरं आहेत.

दराचंही असंच. ४ टक्के फॅटच्या दुधाचं एक किलो तूप करायला कागदावर २५ लिटर दूध लागतं, प्रत्यक्षात २८ ते ३०. किलोभर लोण्याला २२ लिटर धरा. तुमच्या भागातल्या संकलन केंद्राचा दर त्याला गुणा. ताक आणि साय काढलेलं दूध घरात खपतं म्हणून बाई पूर्ण २२ लिटरचे पैसे मागत नाही. पण त्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी दरात गाईचं लोणी कुणी देऊ करत असेल, तर घेण्याआधी थांबा. आणि वाजवी दर सांगितला की घासाघीस करू नका. रोज पहाटे उठून घुसळणाऱ्या बाईचे पैसे कापून आपण मोठे होत नाही. शक्य असेल तर श्रावणातच थोडी उचल द्या. पेंड घ्यायला तिला तेव्हाच पैसे लागतात.

गोळा बघणं

काकींचा डबा उघडला की लोणी थंड पाण्यात तरंगत असतं, लिंबाएवढे-संत्र्याएवढे गोळे. मी एक गोळा बशीत घेते आणि चमच्याच्या पाठीनं दाबते. थेंब सुटतात, ते नीट बघायचे. पाण्यासारखे नितळ असतील तर लोणी तीन-चार पाण्यांतून धुतलेलं आहे. दुधाळ असतील तर ताक आत राहिलंय. असं लोणी दोन दिवसांत आंबतं आणि कढवताना बेरी जास्त पडते. नुसतं दाबल्यावर धार लागली तर तुम्ही पाण्याचे पैसे देताय.

वास घ्या. ताज्या लोण्याला गोडसर, किंचित आंबूस वास येतो, दह्याची आठवण करून देणारा. घशाशी चरचरणारा किंवा जुन्या तेलासारखा वास आला तर ते खवट झालंय, कितीही धुतलं तरी सुधारत नाही. पावसाळ्यात ओल्या चुलीचा धूर लोण्याला लागतो. तो दोष नव्हे, मला तर तो आवडतो.

तळहातावर विरघळण्यावर फार विसंबू नका. पुष्कळसं वनस्पती तूपही तळहाताच्या उबेनं विरघळतं. बटाट्याचा किंवा कसलाही पिष्टाचा लगदा मिसळला असेल तर मात्र घरी कळतं: अर्धा चमचा लोण्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका, निळं झालं की भेसळ. साखर आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाची एक चाचणी सांगितली जाते, ती घरी करू नका. आम्ल धोक्याचं असतं, आणि ती चाचणी मुळात तिळाचं तेल ओळखते, पाम तेल नाही.

पहिल्यांदा घेताना अर्धाच किलो घ्या आणि कढवून वजन करा. साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास तूप पडलं तर पुढची मागणी नोंदवा. तीनशेच्या खाली आलं तर पाणी नाहीतर ताक जास्त होतं. ते सरळ सांगा. बहुतेक वेळा पुढच्या खेपेला धुवून-पिळून चोख मिळतं.

आणणं आणि ठेवणं

मेढ्याहून एसटीनं साताऱ्याला येईस्तोवर भाद्रपदातही लोणी पातळ होतं, ऑक्टोबरच्या उन्हात तर विचारूच नका. डबा झाकणापर्यंत थंड पाण्यानं भरून आणा, भोवती ओलं फडकं गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत आणू नका, तिचा वास लोणी लगेच उचलतं.

घरी आल्यावर पुन्हा एकदा गार पाण्यात धुवा. खायचं असेल तर वाटीभर वेगळं काढा, फ्रीजमध्ये पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला आणि आठवड्यात संपवा. कढवायचं असेल तर दोन-तीन खेपांचं एकत्र करायला फ्रीझरमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. तिथे मासळी किंवा चिरलेला कांदा शेजारी नको.

कढवणं

जाड बुडाचं पातेलं घ्या आणि निम्म्याहून जास्त भरू नका, कारण लोणी फसफसून वर येतं. आच मंद. सुरुवातीला मोठे बुडबुडे आणि तडतड आवाज, हे पाणी उडतंय. अर्ध्या-पाऊण तासानं आवाज उतरत जातो, वर पांढरा फेस राहतो आणि खाली बेरी बसायला लागते. इथून पुढे पातेल्याजवळून हलू नका. कानानं लक्ष ठेवा: तडतड जवळजवळ थांबली, फेस बारीक झाला आणि बेरी बदामी दिसली की गॅस बंद. बेरी लाल होईपर्यंत थांबलात तर पातेल्याच्या उष्णतेनं ती पुढे काळी पडते आणि तुपाला करपट चव लागते. आमच्याकडे शेवटी विड्याचं पान टाकतात; ते कुरकुरीत होऊन वर आलं की पाणी पुरतं गेलं हेही समजतं.

कोमट झाल्यावर गाळा. बरणी पूर्ण कोरडी हवी, काचेची किंवा चिनी मातीची, आणि उजेडापासून दूर. झाकण गार झाल्यावरच लावा. हळूहळू गार झालं की कणी मोठी पडते, घाईनं फ्रीजमध्ये घातलं तर तूप गुळगुळीत राहतं. बरणीवर मी महिना आणि घर लिहून चिकटवते, 'अश्विन, काकी', कारण भाद्रपदाच्या आणि अश्विनाच्या तुपाचा रंग शेजारी ठेवल्यावर वेगळा दिसतो आणि पुढच्या वर्षी कोणत्या आठवड्यात जास्त घ्यायचं हे त्यावरूनच ठरतं.

बेरी टाकू नका. गरम असतानाच त्यात चिरलेला गूळ घालून मुलांना वाटीवाटी द्या. आणि काकींचा डबा घासून परत पाठवाल तो रिकामा पाठवू नका. दिवाळीच्या तोंडावर त्यात चार करंज्या मावतात.